ताऱ्यांभोवतीची धूळ, पाचपाखाडीच्या गच्चीवरून

सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन येणारे आणि आकाशदर्शन घडवणारे लोक ठाण्यात आता बरेच झाले आहेत. बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो: चंद्र, गुरू, शनी, कृत्तिका, दोन-तीन राशींच्या गोष्टी, शेवटी मुलांसाठी प्रश्नमंजुषा. त्यात वाईट काही नाही. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये आम्ही ज्या दोघांना बोलावलं, त्यांच्याकडे विषयांची यादी होती आणि त्या यादीत ‘ताऱ्यांभोवतीची धूळ आणि नवे ग्रह’ असा एक विषय होता. सांस्कृतिक समितीत मी हट्ट धरून तोच घ्यायला लावला. रबाळे एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करते. पूड किती बारीक दळली गेली, ती प्रकाश किती अडवते, किती परत पाठवते, हे मोजणं माझं रोजचं काम आहे. धुळीवर कुणी दोन तास बोलणार असेल तर मला ते ऐकायचंच होतं.

कार्यक्रम अप्रतिम झाला. एक-दोन गोष्टी सुधारायला हव्यात, त्याही खाली लिहिते.

आधी व्यवहाराचं. साठ माणसांपर्यंत सहा हजार रुपये, येण्याजाण्याचा खर्च त्यातच. सामान त्यांचंच: आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, दहा-पन्नासच्या दोन द्विनेत्री (बायनॉक्युलर), लॅपटॉप, प्रोजेक्टर. पडदा आणि विजेचं एक्स्टेन्शन आपण द्यायचं. बोलणाऱ्या ताई भौतिकशास्त्र शिकवतात, सोबतचा मुलगा इंजिनिअरिंग करतोय आणि दुर्बीण तोच सांभाळतो. दोघं पाच वाजताच आले. गच्चीच्या चारही बाजू बघितल्या, टाकीजवळचा हॅलोजन रात्रभर बंद राहील ना याची सेक्रेटरींकडून खात्री करून घेतली. शेजारची इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडायला घेतली आहे, त्यामुळे आमच्या गच्चीवर सिमेंटचा थर कायमचाच. वॉचमनकाकांना सांगून त्यांनी पाणी मारून घेतलं, फरशी वाळू दिली आणि मगच पेटी उघडली. एवढी काळजी घेणारी माणसं पुढे काय बोलणार याबद्दल माझा विश्वास तिथेच बसला.

अमावास्येनंतरचा शनिवार होता, चंद्राची कोर लवकर मावळली. सात वाजता वायव्येला, येऊरच्या डोंगराच्या बरंच वर, अभिजित (व्हेगा) तारा चमकत होता. ताईंनी पडदा कोराच ठेवला. आधी सगळ्यांनी नुसत्या डोळ्यांनी अभिजित ओळखायचा, मग दुर्बिणीतून बघायचा, आणि सगळ्यांचं बघून झाल्यावरच त्याचं छायाचित्र पडद्यावर. प्रत्येक ताऱ्याला हाच क्रम. मला ही पद्धत फार मोलाची वाटली. आठ इंची दुर्बिणीतून अभिजित म्हणजे निळसर पांढरा लखलखीत ठिपका, त्याच्याभोवती धूळबीळ काहीच दिसत नाही. ताईंनी हे आधीच स्पष्ट सांगितलं: “कडी दिसणार नाही. इथून कुठल्याच दुर्बिणीतून दिसणार नाही. आपण पत्ता बघतोय, घर नंतर पडद्यावर बघू.” त्यामुळे रांगेतलं कुणी हिरमुसलं नाही.

मग गोष्ट सुरू झाली. जानेवारी १९८३ मध्ये आयरास नावाची अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा प्रकाश टिपणारी) दुर्बीण अवकाशात गेली. ती जेमतेम दहा महिने चालली. उपकरणाची मापं तपासून घ्यायला शास्त्रज्ञांनी जे तारे निवडले होते त्यात अभिजित होता, कारण तो सरळसाधा, भरवशाचा तारा समजला जाई. त्याच्याकडून अवरक्त प्रकाश अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त येताना दिसला. उपकरण बरोबर होतं. जास्तीचा प्रकाश ताऱ्याभोवतीच्या थंड धुळीतून येत होता: धूळ ताऱ्याचा उजेड शोषते, किंचित तापते आणि ती ऊब अवरक्तात बाहेर टाकते. प्रमाणित नमुनाच वेगळं काहीतरी दाखवतोय, ही वेळ प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला अस्वस्थ करते. तेव्हा नमुना बाजूला न टाकता त्याच्या मागे लागलेल्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटला.

पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो त्यांनी आमच्या गच्चीवरूनच समजावला. शेजारच्या अर्धवट पाडलेल्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “इथली धूळ रोज पुसता, तरी रोज येते, बरोबर? कारण तिकडे तोडफोड रोज चालू आहे. काम थांबलं की आठवड्यात हवा स्वच्छ होईल. ताऱ्याभोवतीही तसंच.” बारीक कण ताऱ्यापाशी टिकत नाहीत. अगदी सूक्ष्म कणांना ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब बाहेर ढकलून देतो. थोडे मोठे कण त्याच प्रकाशामुळे हळूहळू वेग गमावतात आणि गोल गोल फिरत ताऱ्याकडे ओढले जातात. ताऱ्याच्या वयाच्या मानानं हे सगळं झटपट होतं. म्हणजे कोट्यवधी वर्षांच्या ताऱ्याभोवती आजही धूळ दिसत असेल, तर ती जन्मापासूनची उरलेली असू शकत नाही. तिथे आज काहीतरी फुटतंय. लघुग्रह, धूमकेतूंसारखे बर्फाळ गोळे एकमेकांवर आपटून तिचा पुरवठा चालू ठेवतायत. नवजात ताऱ्याभोवती सुरुवातीला वायू आणि धूळ यांची जी जाड चकती असते ती वेगळी. तिच्यातला वायू पहिल्या काही दशलक्ष वर्षांत जवळजवळ संपून जातो. त्यानंतर दिसते ती ही राडारोड्याची चकती.

आपल्याकडेही हेच आहे, प्रमाण खूप कमी एवढंच. मंगळ आणि गुरू यांच्यामधला लघुग्रहांचा पट्टा, नेपच्यूनच्या पलीकडचा कुइपर पट्टा, आणि त्यातून निघालेली धूळ. खऱ्या काळोख्या जागेवरून पहाटे किंवा संध्याकाळी जो राशीप्रकाश दिसतो तो याच धुळीवरून परत येणारा सूर्यप्रकाश. ठाण्यातून तो दिसायची सोय नाही.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, “एवढा मोठा ग्रह दिसत नाही आणि धूळ बरी दिसते?” ताईंचं उत्तर ऐकून मी तिथेच मोबाइलवर गणित केलं. एक किलोमीटर व्यासाचा दगड घ्या आणि त्याची दहा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या कणांची, पूड करा. वस्तुमान तेवढंच, पण पृष्ठभाग दहा कोटी पट होतो. प्रकाश पृष्ठभागावर पडतो, वजनावर नाही. आमच्या कारखान्यात रंगद्रव्य दळण्यावर एवढा खर्च होतो तो याचसाठी. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तुझीच वर्गणी डबल घ्यायला हवी.”

साडेसातला दक्षिणेकडे वळलो. मुलुंडच्या दिव्यांच्या वर, आकाशाच्या जवळजवळ रिकाम्या भागात, एकटा फोमलहॉट. या ताऱ्यावर ताईंनी जवळपास अर्धा तास घेतला आणि तो अर्धा तास पूर्ण कार्यक्रमाचे पैसे वसूल करणारा होता. अभिजित आणि फोमलहॉट दोन्ही आपल्यापासून साधारण पंचवीस प्रकाशवर्षांवर. दोघंही सूर्याच्या दुपटीच्या आसपास वस्तुमानाचे. दोघांचंही वय ४० ते ५० कोटी वर्षांच्या दरम्यान, म्हणजे ४६० कोटी वर्षांच्या सूर्यापुढे तरुण. आणि तरी धुळीची घडण अगदी निराळी. फोमलहॉटभोवती जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीनं २०२३ मध्ये एकात एक तीन पट्टे दाखवले, सगळ्यात बाहेरचा पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे दीडशे पट लांब. मधल्या मोकळ्या जागा एखादा न दिसणारा ग्रह साफ करत असावा असं वाटायला लावणाऱ्या. अभिजितभोवती मात्र वेबनं २०२४ मध्ये टिपलेली चकती इतकी सलग आणि गुळगुळीत की तिच्यात मोठा ग्रह फिरत असल्याची खूणच मिळत नाही. एकाच वयाचे, एकाच ताकदीचे दोन तारे. एकाकडे पट्टे पडले, दुसऱ्याकडे नाही. का? ताई म्हणाल्या, “याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही.” पहिल्या रांगेतली मुलं यावर जी गप्प झाली ती मला आवडली. उत्तर नसलेला प्रश्न मुलांसमोर असा सरळ ठेवणारी माणसं कमी भेटतात.

त्यानंतर हरवलेल्या ग्रहाची गोष्ट. २००८ मध्ये पॉल कालास आणि सहकाऱ्यांनी हबल अवकाश दुर्बिणीच्या २००४ आणि २००६ च्या छायाचित्रांत फोमलहॉटजवळ सरकणारा एक ठिपका दाखवला आणि तो ग्रह असल्याचं जाहीर केलं. जगभर बातमी झाली. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या मोहिमेतून त्याला डेगॉन हे नावही मिळालं. पण त्याचं वागणं ग्रहासारखं नव्हतं. अवरक्तात तो दिसत नव्हता, वर्षागणिक फिका आणि पसरट होत चालला होता, आणि २०१४ च्या छायाचित्रांत तर तो उरलाच नव्हता. २०२० मध्ये आन्द्राश गास्पार आणि जॉर्ज रीकी यांनी मांडलं की तो ग्रह नव्हताच. सुमारे दोनशे किलोमीटरचे दोन बर्फाळ गोळे आपटून जी धूळ उडाली, तिचा तो पसरत जाणारा ढग. पडद्यावर एकामागोमाग एक छायाचित्रं लावून ताईंनी तो ठिपका विरताना दाखवला. मागून कुणीतरी “अरेरे” म्हणालं. त्यावर त्या पटकन म्हणाल्या, “अरेरे कशाला? दुसऱ्या ताऱ्याजवळ दोन गोळे फुटल्याचा परिणाम माणसानं बघितला की.” ग्रह गेला आणि त्याच्या जागी टक्कर मिळाली, यात तोटा कुठेच नाही हे त्यांनी ज्या जोरानं सांगितलं, ते ऐकायला तुम्ही स्वतः तिथे असायला हवं.

आमच्या बाजूच्या विंगमधल्या दुसरीतल्या मुलीनं विचारलं, “ताई, फुटलेला ग्रह परत जोडता येतो का?” ताई खाली बसून तिच्याशी बोलल्या. हळू आपटले तर चिकटतात आणि वाढतात, ग्रह असेच तयार होतात. जोरात आपटले तर फुटतात. आपला चंद्र तर पृथ्वीवर आदळलेल्या एका मोठ्या गोळ्यामुळे उडालेल्या मलब्यातून जमला असावा असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मुलगी आईला सांगायला पळाली.

मध्ये शनी. तो वेगळ्या विषयाचा वाटेल, पण त्यांनी तो नेमका बसवला. त्या नोव्हेंबरात शनीची कडी आपल्याला जवळजवळ कडेनं दिसत होती. दुर्बिणीतून गोळ्याच्या आरपार गेलेली बारीक रेघ, बस. चकती कडेनं दिसली तर रेघ होते आणि वरून दिसली तर वर्तुळ, हे पुस्तकातल्या आकृतीनं समजायला वेळ लागला असता. अभिजितची चकती आपल्याला जवळजवळ वरून दिसते, बीटा पिक्टोरिस या दुसऱ्या ताऱ्याची कडेनं. शनीनं ते एका नजरेत पटवलं.

डोक्याच्या जवळजवळ बरोबर वर भाद्रपदांचा मोठा चौकोन आला होता. पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे चौकोनाची पश्चिमेकडची बाजू. त्या बाजूच्या मधोमध द्विनेत्री लावली की रेषेच्या एका अंगाला एचआर ८७९९ आणि दुसऱ्या अंगाला ५१ पेगासी, दोन्ही तारे एकाच दृश्यात मावतात. ५१ पेगासीभोवतीचा ग्रह मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये शोधला आणि २०१९ चं नोबेल मिळवलं. तो कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याच्या ओढीनं तारा किंचित डुलतो त्यावरून कळला. एचआर ८७९९ चे चार ग्रह मात्र छायाचित्रात आले आहेत, २००८ मध्ये तीन, २०१० मध्ये चौथा. तारा सुमारे १३० प्रकाशवर्षांवर आणि अवघ्या तीन-चार कोटी वर्षांचा. इतके कोवळे ग्रह जन्माच्या उष्णतेनं अजून तापलेले असतात, म्हणून अवरक्तात ते स्वतः चमकतात. चारही ग्रहांच्या आत एक धुळीचा पट्टा आणि बाहेर एक. आपल्याकडे जसे लघुग्रह आत आणि कुइपर पट्टा बाहेर, मध्ये मोठे चार. ठाण्याच्या आकाशात हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. द्विनेत्रीतून दिसला तेव्हा मी बराच वेळ खाली घेतली नाही, आणि मागची रांग शांतपणे थांबली याबद्दल शेजाऱ्यांचे आभार.

सव्वानऊला पावभाजी. ती समितीची, त्यांचा संबंध नाही. चांगली झाली होती.

जेवणानंतर बहुतेक लोक खाली गेले. ठरलेली वेळ दहापर्यंत होती, पण ताईंनी आधीच सांगितलं होतं की या विषयाचा मुख्य तारा मध्यरात्रीनंतरच नीट वर येतो आणि ज्यांना थांबायचं असेल त्यांच्यासाठी आम्ही थांबू, जादा पैसे नाहीत. सेक्रेटरींनी गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. आम्ही मोजकेच उरलो. गुरू वर आला, तो बघितला. बारानंतर दक्षिणेला धुरकटात अगस्त्य, आणि त्याच्या उजवीकडे, त्याच द्विनेत्रीच्या दुसऱ्या काठाला जेमतेम मावणारा फिकट बीटा पिक्टोरिस. ठाण्याहून तो कधीच क्षितिजापासून वीस अंशांपलीकडे चढत नाही, आणि पुण्याहून जरासाच वर दिसेल. चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेतून ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी ताऱ्याचा झगमगाट झाकून याच्या धुळीच्या चकतीचं छायाचित्र काढलं, ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसऱ्या ताऱ्याभोवतीची अशी चकती माणसानं प्रथमच पाहिली. तारा सुमारे ६३ प्रकाशवर्षांवर, वय जेमतेम दोन कोटी वर्षं.

पुढे हबलनं या चकतीचा आतला भाग किंचित वाकलेला दाखवला. सपाट चकती आपोआप वाकत नाही, आत तिरक्या कक्षेत एखादा जड ग्रह असला पाहिजे, असा तर्क झाला. आन मारी लाग्रांज यांच्या गटाला चिलीतल्याच व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या २००३ मधल्या छायाचित्रांत एक ठिपका सापडला, आणि तो ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेला दिसल्यावर २०१० मध्ये शिक्कामोर्तब झालं. गुरूच्या कित्येक पट जड ग्रह, सूर्यापासून शनी जितका लांब साधारण तितक्याच अंतरावर. २०१९ मध्ये त्याच्या आतला दुसराही मिळाला. फोमलहॉटला ग्रह म्हटलं आणि धूळ निघाली, इथे धुळीवरून ग्रह असावा म्हटलं आणि ग्रह निघाला. दोन्ही गोष्टी एकाच रात्री, याच क्रमानं सांगणं हे त्या ताईंचं कसब. आजोबाही थांबले होते, शाल गुंडाळून. त्यांनी पुन्हा विचारलं, “म्हणजे पट्ट्यात फट दिसली की ग्रह आहेच असं धरायचं का?” “नाही आजोबा. फट म्हणजे संशय. ग्रह म्हणायला तो दिसला पाहिजे, किंवा त्याची ओढ मोजता आली पाहिजे.” आणि मग त्यांनी जून २०२५ मधलं उदाहरण दिलं: टीडब्ल्यूए ७ नावाच्या लहान, अतितरुण ताऱ्याच्या कड्यांमध्ये, जिथे ग्रह असावा असा अंदाज होता तिथेच, वेबला शनीएवढ्या वस्तुमानाचा वाटणारा एक ठिपका मिळाला. याही कामात लाग्रांजच पुढे होत्या.

आता सुधारणा. पडद्यावरच्या काही चित्रांत खरी छायाचित्रं आणि चित्रकारानं काढलेली कल्पनाचित्रं सरमिसळ होती. कोपऱ्यात लहानसं लिहिलेलं असेल, पण मागच्या रांगेला ते वाचता येत नाही. निम्म्या लोकांना तांबूस गोळा आणि त्याची कडी हे खरं छायाचित्र वाटलं. प्रत्येक चित्रावर मोठ्या अक्षरांत ‘छायाचित्र’ किंवा ‘कल्पनाचित्र’ एवढं तरी लिहायला हवं. तसंच अवरक्त छायाचित्रांचे रंग नेमून दिलेले असतात हे त्यांनी बरंच उशिरा, मी विचारल्यावर सांगितलं. रंगात काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट पहिल्या चित्राआधी कळायला हवी, आणि रंगात काम न करणाऱ्याला तर जास्तच. मी हे त्यांना नंतर बोलले, त्यांनी वहीत लिहून घेतलं. दुसरं, साठ माणसांना एक दुर्बीण पुरत नाही. शनीच्या रांगेत गुडघे दुखणाऱ्यांचे हाल झाले. चाळीसच्या वर माणसं असतील तर त्यांनी दुसरी दुर्बीण आणावी आणि त्याचे वेगळे पैसे घ्यावेत, आम्ही आनंदानं देऊ.

बोलावणार असाल तर काही सांगते. नाव आणि नंबर सगळ्यांसमोर टाकू नका असं दोघांनी सांगितलंय, नोकरी आणि कॉलेज सांभाळून महिन्याला दोनच कार्यक्रम घेतात. हवं असेल तर मला निरोप टाका, मी त्यांना विचारून कळवते. अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरा. गच्चीची दक्षिण बाजू मोकळी हवी, नाहीतर बीटा पिक्टोरिस मिळणार नाही. घोडबंदरच्या टॉवरवाल्यांनी हे आधी नीट बघून घ्यावं. बीटा पिक्टोरिससाठी मध्यरात्रीपर्यंत जागायचं नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी घ्या, तेव्हा तो रात्री आठ-दहाच्या दरम्यानच दक्षिणेला असतो, पण मग फोमलहॉट हातचा जातो. आम्ही गुढीपाडव्याच्या सुमारास त्यांना पुन्हा बोलावतोय. तेव्हा उत्तरा फाल्गुनी आणि हस्तातला एटा कॉर्वी बघायचा आहे. दोघांभोवतीही धूळ आहे, आणि एटा कॉर्वी तर शंभर कोटी वर्षांहून मोठा, म्हणजे एवढ्या वयातही तिथे फुटतंय काय हे मला त्यांना विचारायचंय.